अर्ध्या गोळीची गोष्ट

हे गेले त्या वर्षी माझी झोप उडाली. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलमची अर्धी गोळी दिली, पंधरा दिवसांपुरती. ती मी सहा वर्षं घेतली. चिठ्ठी केव्हाच जुनी झाली होती, पण केमिस्ट ओळखीचा. स्ट्रिपवर लाल चौकटीत छापलेला इशारा त्यानेही वाचला नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी दुर्बिणीतून आतड्याची तपासणी ठरली. आदल्या रात्री पोट साफ करायच्या पावडरीचं पाणी आणि संडासच्या फेऱ्या. शेवटी डोळा लागावा म्हणून अर्धीच्या जागी अख्खी गोळी घेतली. सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "काकू, कोणती औषधं चालू आहेत?" मी बीपीची मेटोप्रोलॉल सांगितली. झोपेची सांगितली नाही. शेजारी सून उभी होती. शिवाय अर्ध्या गोळीला कोणी औषध म्हणतं का!

सलाईनच्या नळीतून दुधासारखं पांढरं काही सोडलं, एवढंच आठवतं. नंतर कळलं की नाडी ३८ वर आली होती, वरचं प्रेशर ७०, ऑक्सिजन ८४. तपासणी अर्ध्यावर थांबवून हनुवटी उचलून मास्क लावला, ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी समजावलं. ते पांढरं प्रोपोफॉल. त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर उतरतं. एरवी हृदय ठोके वाढवून थोडंफार सावरून घेतं, पण माझ्या बीपीच्या गोळीने त्याचा लगाम आधीच ओढलेला. जुलाबांनी अंगातलं पाणी आटलेलं. वर रात्रीची गोळी उतरलेली नव्हती, तिने श्वास आणखी मंदावला. आणि ऑक्सिजन फार घटला की हृदयही ढेपाळतं. "सांगितलं असतंत तर डोस कमी आणि सावकाश दिला असता," म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यावर कळस मी केला. घाबरून घरी येताच स्ट्रिप कचऱ्यात टाकली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, छातीत धडधड, रात्रभर डोळे टक्क उघडे. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची सवय एका दिवसात तोडायची नसते, झटकेसुद्धा येतात. मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे अर्ध्याची चतकोर, मग एक दिवसाआड, असे चार महिने गेले.

म्हणून सांगते, भूल घ्यायची असेल तर घरूनच कागदावर सगळं लिहून न्या: झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, वैद्यांच्या पुड्या, रात्रीचा पेग, घोरणंसुद्धा. घोरणाऱ्याचा घसा गुंगीत लवकर मिटतो. नातेवाइकांसमोर बोलवत नसेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगा. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञांनाच विचारा. आणि दुर्बीण घालणाऱ्याखेरीज नाडी-श्वासावर लक्ष ठेवायला वेगळं माणूस आहे का, हेही विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

परवा बीपीच्या गोळ्या आणायला गेले. केमिस्टने मी न मागताच ती स्ट्रिपही काउंटरवर ठेवली.