विहिरीच्या पाण्याची जंतू तपासणी : खर्च किती, करायची कशी?

पहिल्या पावसात उघड्या विहिरीला पाणी चढतं, तसा शिवारातला मैलाही ओघळीबरोबर तिच्यात उतरतो. जालना जिल्ह्यात अनेक घरांचा उन्हाळा टँकरवर आणि उरलेलं वर्ष विहीर-बोअरवर जातं. दूषित पाणीही नितळ दिसू शकतं. म्हणून फिल्टरवर हजारो रुपये घालण्याआधी पाण्यात मैला मिसळतोय का, हे तपासून घ्या.

काय तपासतात?

कॉलरा, विषमज्वर, काविळीचे जंतू एकेक करून शोधणं महागडं आणि वेळखाऊ. त्याऐवजी माणसा-जनावरांच्या आतड्यात राहणारा ई-कोलाय शोधतात. तो सापडला, की विष्ठा पाण्यापर्यंत पोचली असं समजायचं. आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात सापडता कामा नये. नदीतल्या आंघोळीसाठी मात्र १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, कमाल २,५०० चालतात. म्हणजे अंबड-घनसावंगीकडे गोदावरीचं पाणी स्नानाला योग्य ठरलं, तरी ते तसंच पिऊ नये.

खर्च किती?

- सार्वजनिक विहीर, हातपंप, नळयोजना : घरच्या खिशातून काही नाही. जलसुरक्षक नमुने घेतो. अहवाल ग्रामपंचायतीत मागा. गावाला मिळालेलं कार्डही विचारा : लाल म्हणजे जोखीम जास्त, पिवळं मध्यम, हिरवं कमी.
- गावातली चाचणी : एचटूएस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. बाटलीतलं पाणी २४ ते ४८ तासांत काळं पडलं, तर ते दूषित समजा आणि प्रयोगशाळेत खात्री करा. जलजीवन मिशनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या महिलांकडे चौकशी करा.
- खासगी विहीर-बोअर : भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जालन्यातली प्रयोगशाळा गाठा. जलजीवन मिशनने २०२१ मध्ये १६ घटकांच्या पूर्ण तपासणीसाठी ६०० रुपये दर सुचवला होता. शंका फक्त मैल्याची असेल, तर ‘जैविक तपासणी’ तेवढीच मागा. आजचा दर आधी विचारा, पावती घ्या.

नमुना बिघडला, तर पैसे वाया

बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक हवी. घरची धुतलेली चालत नाही. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असतं. ते आधी सांगा, म्हणजे क्लोरीन मारणारं रसायन घातलेली बाटली देतील. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या. झाकणाच्या आत बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

दूषित निघालं तर?

विहीर शुद्ध होईपर्यंत पाणी खळखळून उकळून प्या. विहिरीत १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल लागतं. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल, तर ते साधारण ३९,००० लिटर भरतं. त्याला २०० ग्रॅम पुरेल. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी विहिरीत सोडा. तासाभरानं ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करा; पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. उघड्या राहिलेल्या पोत्यातली पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो.

ई-कोलाय नाही म्हणजे पाणी सर्वार्थानं शुद्ध, असं नव्हे. नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी रासायनिक तपासणी वेगळी करावी लागते. टीसीएल टाकूनही पुढच्या अहवालात जंतू आले, तर मैला कुठून झिरपतो ते शोधा. शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा १५ मीटरच्या आत असेल, तर आधी तो हलवा.