घर एक, अकाउंट एक... मग मेसेज कुणाचा?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण दहावीनंतर मराठी लिहायची वेळ कधी आली नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. "काहीतरी टेक्निकल लिही, पण मेसच्या काकांनाही कळलं पाहिजे," असं मराठी विभागाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच विषय आला. कारण तो मी पुस्तकातून नाही, एका रात्रीत शिकले.

निळ्या फुग्यांतले शब्द

मागच्या एंड-सेमची गोष्ट. दुसऱ्या दिवशी 'कंप्युटर नेटवर्क्स अँड सिक्युरिटी'चा पेपर. रात्रीचा दीड वाजलेला. रीडिंग रूममध्ये आम्ही चौघीजणी, आणि पब्लिक की क्रिप्टोग्राफीचं युनिट चाललेलं. तेवढ्यात माझा फोन थरथरला. मामाचा मेसेज होता, "रिपोर्ट कधी मिळणार? डॉक्टर काय म्हणाले?"

मला वाटलं, चुकून आला असेल. म्हणून वर सरकवून पाहिलं, तर अख्खं संभाषण! डावीकडे मामाचे प्रश्न. आणि उजवीकडे, जिथे आपण स्वतः पाठवलेले मेसेज निळ्या फुग्यांत दिसतात तिथे, आईची उत्तरं. जणू काही ती मीच लिहिली होती. "मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय." "हे वरून शांत दाखवतात, पण रात्री झोपत नाहीत." आणि सगळ्यात शेवटी, "तिला पेपर संपेपर्यंत काही कळू देऊ नकोस."

मी बघत होते तेवढ्यात आणखी एक निळा फुगा उमटला. म्हणजे आई त्या क्षणी जागी होती आणि लिहीत होती.

मी घरी फोन केला नाही. केला असता तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. पुढचे तीन पेपर तसेच दिले. रोज रात्री नऊला आईचा फोन यायचा, "सगळं ठीक आहे गं, बाबा टीव्ही बघताहेत." मी म्हणायचे, "हो का?" ती माझ्यापासून लपवत होती, आणि मी तिच्यापासून. आणि खरं सांगायचं तर फोन झाल्यावर मी रोज तो मेसेज उघडून नवीन काही आलंय का ते वाचत होते. वाचू नये हे कळत होतं, तरी वाचत होते.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. तेसुद्धा मला आईने मामाला पाठवलेल्या मेसेजवरूनच कळलं.

हे झालं कसं?

मामा न्यू जर्सीला असतो. तिकडे आयमेसेज खूप वापरतात. त्याच्या जुन्या वस्तू आमच्याकडे येतात. आधी आयपॅड आला, तेव्हा बाबांच्या ईमेलवर एक ॲपल आयडी काढला (२०२४ पासून त्यालाच ॲपल अकाउंट म्हणतात). मग आईला आयफोन आला, त्यावर तेच अकाउंट. दिवाळीत मला आला, त्यावरही तेच. कारण सोपं होतं. बाबांनी एकदा विकत घेतलेली ॲप्स सगळ्यांना मिळतात, पासवर्ड एकच लक्षात ठेवायचा, आणि तो तर आमच्या फ्रीजवर चिकटवलेलाच आहे! त्यात मामाने त्याच्या फोनमध्ये आईच्या नावापुढे नंबरऐवजी तोच घरचा ईमेल सेव्ह केलेला. मी गप्पा व्हॉट्सॲपवर मारते, त्यामुळे मेसेजेस कधी नीट उघडून पाहिलेच नव्हते. मध्ये एकदा मामाचा "पोचलो" असा मेसेज आला होता. मला वाटलं, मलाच पाठवलाय.

यात दोष ना मामाचा, ना फोनचा. आम्ही जे सांगितलं, तेच फोनने केलं.

कुलूप तर पक्कं होतं!

आता थोडी थिअरी. कंटाळू नका, दोन परिच्छेदांत संपवते.

आयमेसेज २०११ साली आला आणि तो एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे. म्हणजे काय? प्रत्येक फोन, प्रत्येक आयपॅड स्वतःच्या किल्ल्यांची जोडी बनवतो. प्रायव्हेट की त्या यंत्राबाहेर जात नाही. पब्लिक की मात्र कंपनीच्या यादीत नोंदवली जाते. पब्लिक की म्हणजे उघडं कुलूप समजा. कुणीही ते घेऊन डबा बंद करू शकतो, पण उघडू शकतो फक्त किल्लीवाला. मामाने मेसेज लिहिला की त्याचा फोन यादीला विचारतो, "या ईमेलची कुलपं किती?" आमच्या घरच्या ईमेलची उत्तरं तीन : आईचा फोन, आयपॅड आणि माझा फोन. मग तोच मेसेज तीन डब्यांत भरून, तिन्हींना वेगवेगळी कुलपं लावून पाठवला जातो. वाटेत तो कुणालाही वाचता येत नाही, कंपनीच्या सर्व्हरलाही नाही. आईने दिलेलं उत्तरही याच पद्धतीने तिच्या अकाउंटवरच्या बाकी यंत्रांना जातं. म्हणून तिचे शब्द माझ्या फोनवर 'माझे' म्हणून उमटले.

म्हणजे एन्क्रिप्शनने आपलं काम शंभर टक्के केलं. पेपरात आपण लिहितो ना, "एन्क्रिप्शन प्रोव्हाइड्स कॉन्फिडेन्शियॅलिटी"? ते खरंच आहे, पण ते वाटेवरच्या चोरापासून वाचवतं. घेणाऱ्यांच्या यादीत कोण आहे, हे ठरतं अकाउंटवरून. सिस्टिमच्या हिशेबाने एक अकाउंट म्हणजे एक माणूस. आम्ही घरातली चार माणसं मिळून एक माणूस होऊन बसलो होतो!

फक्त मेसेजच नाही

एकच ॲपल अकाउंट असेल तर फेसटाइमची रिंग सगळीकडे वाजू शकते. आयक्लाउड चालू असेल तर फोटो, कॉन्टॅक्ट्स आणि सेव्ह केलेले पासवर्डही एकत्र होतात. एकाने कॉन्टॅक्ट डिलीट केला की तो सगळ्यांचा जातो. नव्या ठिकाणी लॉगिन करताना येणारा सहा आकडी कोडही घरातल्या इतर फोनवर दिसतो.

"आमच्याकडे कुठे आयफोन?" असं म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी पान उलटू नये. दुकानदाराने काढून दिलेलं एकच जीमेल घरातल्या चार फोनवर, हे चित्र तर घरोघरी दिसतं. तिथे एसएमएस सहसा ज्याच्या सिमवर येतात त्याच्याच फोनवर राहतात. पण बॅकअप आणि सिंक चालू असेल तर गूगल फोटोज, कॉन्टॅक्ट्स, क्रोममधले पासवर्ड, यूट्यूबची हिस्ट्री, सगळं एकत्र होतं. शिवाय फुकटची जागा १५ जीबीच, आणि १ जून २०२१ पासून नव्या फोटोंची जागाही त्यातच मोजली जाते. चौघांचे फोटो एकात म्हणजे ती लगेच भरणार.

व्हॉट्सॲपचं अकाउंट नंबरवर चालतं, म्हणून ते आपोआप वेगळं राहतं. पण 'लिंक्ड डिव्हायसेस'कडे लक्ष असू द्या. मुख्य फोनशिवाय आणखी चार यंत्रं जोडता येतात, आणि २०२१ नंतर ती मुख्य फोन बंद असला तरी चालतात. लॅबमधल्या पीसीवर व्हॉट्सॲप उघडून प्रिंट काढली आणि लॉगआउट न करता कँटीनला गेलात, तर पुढच्या बॅचला तुमच्या गप्पा वाचायला मोकळं रान! मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप बाहेर पडतात. पण आपला फोन १४ मिनिटं तरी बंद असतो का?

काय करायचं?

१) तात्पुरता उपाय : आयफोनच्या सेटिंग्जमध्ये मेसेजेस, त्यात 'सेंड अँड रिसीव्ह' (नव्या आवृत्तीत मेसेजेस हे 'ॲप्स'च्या आत गेलंय). तिथे घरच्या ईमेलपुढची आणि दुसऱ्या कुणाचा नंबर दिसत असेल तर त्याच्यापुढचीही खूण काढा. फक्त स्वतःचा नंबर ठेवा. खालच्या 'स्टार्ट न्यू कॉन्व्हर्सेशन्स फ्रॉम'मध्येही आपलाच नंबर निवडा. दोन मिनिटांचं काम आहे. पण पासवर्ड सगळ्यांकडे असेपर्यंत हा फक्त पडदा आहे, दार नाही.

२) खरा उपाय : प्रत्येकाचं वेगळं अकाउंट आणि वर 'फॅमिली शेअरिंग'. ही सोय २०१४ पासून आहे. एक मुख्य आणि पाच सदस्य, असे सहाजण. विकत घेतलेली ॲप्स (ज्यांना शेअर करायची परवानगी आहे ती) आणि आयक्लाउडची जागा वाटून घेता येते. मेसेज, फोटो, कॉन्टॅक्ट्स ज्याचे त्याचेच राहतात. गूगलमध्येही 'फॅमिली ग्रुप' असाच सहाजणांचा असतो. जागा एकत्र, फाइली वेगळ्या. म्हणजे आम्ही ज्या पैशासाठी एकत्र राहिलो होतो, तो पैसा वेगळं होऊनही वाचतच होता!

३) जुनं अकाउंट ज्याने पैसे भरले त्याच्याकडेच ठेवा. घेतलेली ॲप्स त्या अकाउंटला चिकटलेली असतात. आमच्याकडे ते बाबांकडे राहिलं.

४) साइन आउट करण्याआधी फोटो कंप्युटरवर उतरवून घ्या. फोनमध्ये दिसणारे सगळे फोटो पूर्ण आकारात फोनमध्येच असतील असं नाही. कॉन्टॅक्ट्सची कॉपी ठेवायची का असं विचारलं तर 'हो' म्हणा.

५) हे नीट वाचा! दुसऱ्याचे मेसेज आपल्या फोनवर दिसले म्हणून घाईने डिलीट करू नका. 'मेसेजेस इन आयक्लाउड' चालू असेल तर इथे डिलीट केलेलं तिकडेही जातं. आधी अकाउंट वेगळं करा, मग पुसा. मी अपराधी वाटून ते संभाषण पुसायला निघाले होते. पुसलं असतं तर आईच्या फोनमधूनही गेलं असतं. डॉक्टरांच्या वेळा, तपासण्यांची नावं, सगळं त्यातच होतं.

६) सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टिचकी मारली की खाली यंत्रांची यादी दिसते. ओळखीचं नसलेलं, विकलेलं, मोडलेलं यंत्र काढून टाका. गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी'मध्येही अशीच यादी आहे. आणि हो, फ्रीजवरचा कागद काढा आणि पासवर्ड बदला.

पण घरी सांगायचं कसं?

खरं अवघड काम हेच होतं. सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला आधी फक्त एवढंच म्हटलं, "माझं अकाउंट वेगळं करते." आई लगेच, "का? एवढं काय लपवायचंय?" आपल्या घरांत हा प्रश्न ठरलेला. दार लोटून घेतलं तरी "आत काय चाललंय?" असं विचारतात.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आई, २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हो का? मग तो आमचाही असेल ना?"

मला एकदम बोलता येईना. कारण या घरात कुणाचा खासगीपणा गेला असेल तर तो माझा नाही, तिचाच गेला होता. नवरा आजारी, मुलगी परीक्षेला, आणि मन मोकळं करायला एक भाऊ. त्या दोघांच्या मध्ये मी रोज रात्री जाऊन बसत होते. मग मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्पच राहिली. नंतर म्हणाली, "म्हणजे तू पेपर असे दिलेस?" रागावली नाही. मला वाटतं, रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांची अकाउंट वेगळी केली. बाबांनी एकच शंका काढली. "उद्या पासवर्ड विसरलीस तर?" रास्त होती. त्यालाही उत्तर आहे. २०२१ पासून ॲपलमध्ये 'रिकव्हरी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. आपण अडकलो तर त्या माणसाच्या फोनवरून कोड मिळतो, पण त्याला आपलं काहीही दिसत नाही. मी आईला नेमलं आणि आईने मला. धाकट्याला 'आयपॅड तुझा' म्हणून सांगितलं, तो तेवढ्यावर खूश.

तेव्हा मित्रहो, या शनिवार-रविवारी घरी जाल तेव्हा एवढं काम कराच. आपल्यासाठी नाही तरी आईसाठी करा. सबमिशनपेक्षा कमी वेळ लागतो, आणि सही कुणाची घ्यावी लागत नाही. कुणाला सेटिंग सापडली नाही तर दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या रूमवर या. फक्त येताना चहा घेऊन या.

जाता जाता : आता आई मला रात्री नऊला फोन करते आणि "सगळं ठीक आहे" म्हणते, तेव्हा मी विचारते, "खरंच?" मग ती सांगते.