लिनक्स, बाबांचं स्टोअर आणि मी

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र मी स्वतः भोगलेला आहे: लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकणे!

सेकंड इयरला लॅबमध्ये उबुंटू होतं. घरी चिंचवडला बाबांनी आणलेला एक सेकंडहँड कॉम्प्युटर आहे. त्यावर विंडोज रडतखडत चालायचं, म्हणून मी उबुंटू टाकलं. ते छान चाललं. मग सी प्रोग्रॅमिंगसाठी कोडब्लॉक्स हवं होतं. सवयीप्रमाणे नेटवरून सेटअपची फाईल उतरवली आणि डबल क्लिक केलं. ढिम्म! ती 'डॉट ईएक्सई' फाईल होती, म्हणजे विंडोजसाठी बनवलेली. लिनक्सवर ती आपोआप चालत नाही, हे कळायला मला दोन तास लागले. मग एक 'डॉट डेब' फाईल आणली. ती म्हणाली, अमुक लायब्ररी नाही. ती आणली तर तिला तिसरीच हवी. रात्री एकपर्यंत मी नुसत्या लायब्रऱ्या गोळा करत होते.

बाबा भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. सकाळी त्यांच्यापुढे कुरकुर केली तर म्हणाले, "एकेक नट-बोल्ट बाजारात का शोधत फिरतेस? तुमच्यात स्टोअर नसतं का?"

असतं! मलाच माहीत नव्हतं.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जाहीर केला. त्याभोवती बाकीची सॉफ्टवेअर्स जमवून लोकांनी वेगवेगळी डिस्ट्रिब्युशन्स बनवली. इयन मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं आणि त्याच्या पायावर ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं. या डिस्ट्रिब्युशनचं स्वतःचं स्टोअर असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. तिथे तपासून, सही-शिक्का मारून ठेवलेली हजारो पॅकेजेस असतात. आणि 'ॲप्ट' हा त्या स्टोअरचा स्टोअरकीपर. डेबियनमध्ये तो १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून आहे. तुम्ही एक वस्तू मागायची, तिला लागणारे नट-बोल्ट तो स्वतःच काढून देतो. मी रात्रभर जे हाताने करत होते, ते काम त्याचं आहे! टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल कोडब्लॉक्स' एवढंच लिहायचं. (इथे मी फक्त उच्चार देते आहे, टाईप अर्थातच इंग्रजीत करायचं.)

तरी अडचणी येतातच. मला आलेल्या या पाच:

१. पासवर्ड टाईप होत नाही. होतो, फक्त दिसत नाही. टर्मिनलमध्ये बऱ्याचदा ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. न घाबरता टाईप करून एंटर मारा.

२. 'परमिशन डिनाईड'. स्टोअरमधून माल काढायला जशी साहेबांची सही लागते, तसं सिस्टिममध्ये बदल करायला ॲडमिनचा अधिकार लागतो. कमांडच्या आधी 'सुडो' लिहिणं म्हणजे ती सही. पण म्हणून प्रत्येक कागदावर सही ठोकत सुटू नका!

३. 'अनेबल टू लोकेट पॅकेज'. एक तर नावाचं स्पेलिंग चुकलंय, नाहीतर तुमच्याकडची यादी जुनी आहे. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' करा. याने सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, फक्त स्टोअरची यादी ताजी होते.

४. 'कुड नॉट गेट लॉक'. स्टोअरचं रजिस्टर एका वेळी एकाच्याच हातात असतं. मागे कुठेतरी आपोआप अपडेट चालू असतं, तेव्हा हा मेसेज येतो. थोडं थांबा. लॉकची फाईल उडवून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

५. प्रोग्रॅम कंपाईल झाला, पण 'ए डॉट आऊट' लिहिलं की 'कमांड नॉट फाऊंड'. लिनक्स कमांड ठरलेल्या फोल्डर्समध्येच शोधतं, तुम्ही बसलाय त्या फोल्डरमध्ये नाही. म्हणून नावाआधी डॉट आणि स्लॅश लावायचं, म्हणजे 'इथलाच' प्रोग्रॅम चालव.

एवढं शिकल्यावर मला वाटलं, आता आपण एक्स्पर्ट! आणि तिथेच घात झाला.

प्रोजेक्टसाठी पायथॉनची नवीन आवृत्ती हवी होती. म्हटलं, आधी जुनी काढून टाकू. 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथॉन-थ्री' लिहिलं. स्क्रीनभर नावांची यादी आली आणि खाली प्रश्न, पुढे जायचं का? मी वाय दाबला. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला तर डेस्कटॉप गायब! काळ्या स्क्रीनवर फक्त लॉगिन विचारणारी एक ओळ.

आई घरून डबे देते. एमआयडीसीत कामाला असलेली, खोली करून राहणारी मुलं तिच्याकडे महिन्यावर जेवतात. कोणाचे किती खाडे, कोणाची बाकी किती, हा सगळा हिशोब त्याच कॉम्प्युटरवर होता. तारीख होती तीस. मी आईला काही सांगितलंच नाही. रात्री झोपही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातली मैत्रीण घरी आली. ती चाकणच्या पुढच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पेन ड्राईव्हवरून तिने उबुंटू लाईव्ह चालू केलं, हार्ड डिस्क उघडली. आईची फाईल होती! ॲप्टने पॅकेजेस काढली होती, आपल्या फाईल्सना हात लावला नव्हता. आधी सगळं दुसरीकडे कॉपी केलं आणि मग उबुंटू नव्याने टाकलं.

मग तिने मुद्दाम तीच कमांड पुन्हा दिली आणि यादीवर बोट ठेवलं. "अगं, त्यात लिहिलंय की! खालील पॅकेजेस काढली जातील. हे बघ, डेस्कटॉपचं नाव आहे." उबुंटूचे कितीतरी भाग पायथॉनवर उभे आहेत, म्हणून ते सगळे सोबत जाणार होते. तिने एन दाबला.

मला खरंच लाज वाटली. केजीपासून इंग्रजी शिकलेली मी, आणि तो इंग्रजी मेसेज मी वाचलाच नव्हता. वाचता येतं म्हणून नजर नुसती फिरवत होते. ती एकेक शब्द लावत वाचते, अडला तर अर्थ शोधते. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत, ती त्यावरूनच शिकली. पूर्वी मराठीतून टेक्निकल शिकण्याला मी मनातल्या मनात हसायचे. आता नाही हसत.

तेव्हा ज्युनियर्सनो, सॉफ्टवेअर शक्यतो स्टोअरमधूनच घ्या, सिस्टिमच्या पायथॉनला हात लावू नका, महत्त्वाच्या फाईल्सची कॉपी पेन ड्राईव्हवर ठेवा आणि वाय दाबण्यापूर्वी यादी वाचा.

आईला हे सगळं हिशोब झाल्यावर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आता दर शनिवारी मला वहीतही उतरवून दे." अजून उतरवते आहे!

कुठे अडलात तर लॅबमध्ये आम्हां दोघींना जरूर भेटा. फक्त येताना एरर पूर्ण लिहून आणा. निम्म्या वेळा लिहितानाच उत्तर सापडतं.