कायमचा पत्ता

शाळेत मुलाचे नाव घालताना एक कागद भरावा लागतो. त्यावर दोन ओळी असतात. पहिली ओळ 'सध्याचा पत्ता'. दुसरी ओळ 'कायमचा पत्ता'. गोराईच्या माणसाला याचे हसू येते. तो म्हणतो, "गुरुजी, दोन्हीकडं एकच लिहा. आजा इथंच, बाप इथंच, आम्ही पण इथंच."

पण काही गावे अशी आहेत, की तिथल्या मुलाची पेन्सिल दुसऱ्या ओळीवर थांबते. ही गावे कंपनीने वसवलेली असतात. आज आपण अशा गावाची माहिती घेऊ.

काळा दगड

रात्री बाहेर जाताना तुम्ही हातात बॅटरी घेता. तिच्या साध्या सेलमध्ये काळी भुकटी असते. त्या भुकटीत मँगनीज असते. पोलादातही मँगनीज घालतात. त्याने पोलाद कठीण व चिवट होते.

हा काळा, जड दगड आपल्या राज्यात नागपूर आणि भंडारा या जिल्ह्यांत सापडतो. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही तिथल्या खाणींची नावे. १८९६ साली इंग्रजांनी त्या मुलखात खनिज शोधण्यासाठी एक मंडळी काढली. तिचीच पुढे मोठी कंपनी झाली. १९६२ साली सरकार तिच्यात भागीदार झाले. १९७७ साली तिचे उरलेले भागही सरकारने घेतले. आज ती 'मॉइल' या नावाने ओळखली जाते.

भोंग्याचे गाव

खाण लागते तिथे पुष्कळदा रान असते. कामकरी लांबून येतात. मग कंपनी त्यांच्यासाठी घरे बांधते. त्यांना 'क्वार्टर' म्हणतात. दवाखाना कंपनीचा. नळ कंपनीचा. दिवा कंपनीचा. कित्येक ठिकाणी शाळाही कंपनीची.

अशा गावातले मूल भोंग्यावर वाढते. भोंगा झाला की बापाची पाळी सुरू. दुसरा भोंगा झाला की बाप घरी येणार. बापाची रात्रपाळी असली तर दिवसा घरात आवाज करायचा नाही, हे त्याला न सांगता कळते. शेजारी एक घर मराठी बोलते, एक हिंदी, एक गोंडी. मूल तिन्ही भाषा शिकते. कोणाचा बाप कोणत्या हुद्द्यावर आहे, हे ते घरावरून ओळखते. मजुरांची चाळ वेगळी, साहेबांचा बंगला वेगळा.

आपण या गावाला नावे ठेवू नयेत. आजूबाजूच्या खेड्यांत कंदील होता, तेव्हा पुष्कळ खाणींवर विजेचा दिवा होता. दवाखाना दाराशी होता. ही लहान गोष्ट नाही.

घर कोणाचं?

पण एक दिवस बापाची नोकरी संपते. क्वार्टर नोकरीबरोबर मिळालेले असते. ते नोकरीबरोबरच जाते. मूल विचारते, "बाबा, हे आपलं घर नव्हतं का?" बाप काय सांगणार?

कधी खाणच बंद होते. कर्नाटकात कोलार येथे सोन्याची खाण होती. ती ३ किलोमीटरपेक्षाही खोल गेली होती. १९०२ साली तिथे वीज आली. देशातल्या बहुतेक शहरांत तेव्हा वीज नव्हती. २००१ साली ती खाण बंद झाली. नंतर तिथली कितीतरी माणसे कामासाठी रोज आगगाडीने बंगळूरला जाऊ लागली.

म्हणून शहाणा कामकरी दोन गोष्टी करतो. पहिली, तो मुलांना शिकवतो. विद्या कोणी परत मागत नाही. दुसरी, तो कागद जपतो. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा झाला. त्यात असे ठरले, की सलग पाच वर्षे नोकरी करून निघालेल्या माणसाला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळावा. हा पैसा हक्काचा आहे. पण हक्क सांगायला नोकरीचा कागद हवा, आणि तो वाचता यायला हवा.

आपले काय?

तुम्ही म्हणाल, आमचे घर तर आमचेच आहे. खरे आहे. पण कागदावर नाव कोणाचे आहे? आम्ही असे कागद पाहिले आहेत, की ज्यावर अजून आज्याचे नाव आहे, आणि आजा जाऊन तीस वर्षे झाली. वारसाची नोंद कोणी केलीच नाही. पुढे भाऊ भाऊ भांडतात, नाहीतर तिसराच येऊन दावा सांगतो.

खाणीवरच्या मुलाला कायमचा पत्ता नव्हता. तुम्हाला तो आहे. आता तुम्हाला वाचता येते. आज घरी जा. पेटीतला कागद काढा. त्यावरचे नाव स्वतः वाचा.

प्रश्न

१. मँगनीज कशाकशासाठी लागते?
२. क्वार्टर आणि स्वतःचे घर यांत फरक काय?
३. तुमच्या घराच्या कागदावर कोणाचे नाव आहे? ते वहीत लिहा.