गृहपरिचर्येची परीक्षा : वृद्ध रुग्णाच्या शय्येपाशी

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी भिषक्, द्रव्य आणि रुग्ण यांच्या जोडीला उपस्थात्यास, म्हणजे परिचारकास, स्वतंत्र स्थान दिले आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्याचे चार गुण येतात : उपचारज्ञता, दाक्ष्य, भर्त्याविषयी अनुराग आणि शौच. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच हे पाठ केले. मात्र व्यवसायात भिषक् आणि द्रव्य यांच्या पलीकडे आपली दृष्टी क्वचितच जाते. आज पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ब्यूरोमार्फत येणारी ‘मावशी’ अथवा ‘मामा’ हाच अनेक वृद्धांचा उपस्थाता असतो. त्याच्या सेवेचा दर्जा वैद्याने कसा तपासावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वैद्यानेच का, हा प्रश्न येथे रास्त आहे. महाराष्ट्रातील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम रुग्ण जेथे दाखल होतात त्या वास्तूसंबंधी आहे. घरी येणाऱ्या सेवेशी त्याचा संबंध नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात दुरुस्ती करून घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करण्याची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु ते संमत न होता सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले. इंग्लंडमध्ये अशा संस्थांची तपासणी करून अहवाल जाहीर करणारा स्वतंत्र आयोग २००९ पासून कार्यरत आहे. आपल्याकडे रुग्णाच्या शय्येपर्यंत ज्याला सहज प्रवेश आहे असा जाणकार त्रयस्थ म्हणजे बहुधा घरी येणारा वैद्य किंवा डॉक्टरच होय.

कुटुंबीय तपासणी करीत नाहीत असे नव्हे. परंतु त्यांची तपासणी बाई वेळेवर आली का, फोन उचलते का, खोली स्वच्छ आहे का, येथपर्यंतच थांबते. चरकाचार्यांनी अनुराग सांगितला तो भर्त्याविषयी, आणि ज्याची सेवा करावयाची तोच भर्ता असे तेथे गृहीत दिसते. आता पैसे देणारा मुलगा न्यू जर्सीत आणि सेवा घेणारी आई कोथरूडमध्ये, अशी भर्त्याची फाळणी झाली आहे. व्हिडिओ कॉलच्या वेळी केस विंचरून बसविलेली आजी उरलेला दिवस कशी असते, हे त्या पडद्यावर दिसत नाही. म्हणून परीक्षा रुग्णाच्या शरीरावरूनच व्हावयास हवी.

त्यात त्वचेला अग्रमान द्यावा. पांघरूण बाजूस सारून, कुशीवर वळवून, माकडहाडाचा भाग, दोन्ही खुबे, टाचा, खांद्याची हाडे आणि डोक्याची मागील बाजू स्वतः पाहावी. बोट दाबून उचलल्यावरही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली अवस्था होय. आपल्याकडील सावळ्या वर्णावर ही लाली बहुधा दिसत नाही. तेथे स्पर्शन परीक्षाच खरी. तो भाग भोवतालच्या त्वचेपेक्षा उष्ण, कठीण किंवा लिबलिबीत लागतो का, हे पाहावे. मावशींनी ‘पावडर लावली आहे’ असे सांगितले तर पावडर पुसून पाहावे. ज्यास स्वतः कूस बदलता येत नाही त्यास साधारण दर दोन तासांनी वळविले पाहिजे. यासाठी ठेवलेली नोंदवही उघडून पाहण्याजोगी असते : दुपारी चार वाजता आपण गेलो आणि रात्री आठपर्यंतच्या खुणा एकाच शाईने भरलेल्या आढळल्या, तर अधिक विचारण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर मुख. कवळी काढून हिरड्या व टाळू पाहावा. जिह्वा साम आहे की केवळ कोरडी, हा भेद येथे महत्त्वाचा. कारण रात्री लघवीला उठवावे लागू नये म्हणून सायंकाळपासून पाणीच न देण्याची प्रथा आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. शुष्क जिह्वा, गडद व अल्प मूत्र आणि संध्याकाळनंतरचे असंबद्ध बोलणे ही त्रयी दिसल्यास वातप्रकोपावर औषध योजण्यापूर्वी पाण्याचा तांब्या कोठे ठेवलेला असतो ते पाहावे. तो रुग्णाच्या हाताच्या टप्प्यात नसतो.

मलप्रवृत्तीविषयी ‘जुलाब होतात’ एवढ्या सांगण्यावर स्तंभन देऊ नये. शय्याग्रस्त वृद्धात गुदभागी मल खडा होऊन बसतो आणि त्याच्या कडेने द्रव पाझरत राहतो. त्यास अतिसार समजून अन्न-पाणी तोडले गेले, तर दोष औषधाचा नसून परिचर्येचा असतो. वजनकाट्यावर उभे करता येत नसेल तर दरमहा पोटरीचा घेर मोजून लिहावा, ३१ सें.मी.हून कमी घेर कुपोषणाची शंका घेण्यास पुरेसा आहे.

मनगटावरील वळ आणि दिवसा न उतरणारी झोप यांविषयी थोडक्यात सांगतो. पहिल्याचा अर्थ बांधून ठेवणे असू शकतो, दुसऱ्याचा अर्थ झोपेची जादा गोळी. गोळ्यांची पट्टी मोजावी.

आपल्या स्वतःच्या चिकित्सेचीही परीक्षा येथेच होते. अभ्यंग लिहून देणे सोपे. पण पक्षाघाताच्या रुग्णास दुर्बल हाताला धरून ओढत उठविणाऱ्या परिचारकाच्या हातून तो अभ्यंग खांद्यास अपाय करतो. दीर्घकालीन मधुमेहात पायाची संवेदना मंद असते, तेथे शेकाची पिशवी भाजवते. परिचारकाकडून एकदा आपल्यासमोर कृती करवून घेतल्याशिवाय असे कर्म सोपवू नये, बस्ती तर नाहीच.

रुग्णाशी एकांतात बोलणे आवश्यक आहे. ‘बाई चांगल्या आहेत ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘रात्री हाक मारली तर कोण येते, किती वेळाने?’ असे विचारावे. स्मृतिभ्रंशामुळे उत्तर देता येत नसेल तर परिचारक खोलीत शिरताच रुग्ण हात पुढे करतो की अंग आखडून घेतो, ते पाहावे.

न्यायाची दुसरी बाजूही आहे. चोवीस तासांसाठी एकच स्त्री, तिच्याकडूनच स्वयंपाक आणि भांडी, पगारातून ब्यूरोचे कमिशन आणि सुट्टी नाही, अशा स्थितीत दाक्ष्य टिकावे तरी कसे? तिची झोप किती होते, बदली बाई कोण, वळविण्याचे व उचलण्याचे शिक्षण तिला कोणी दिले, हे प्रश्न आम्ही दर्जाच्या तपासणीचाच भाग मानतो. आमच्या मते परिचारकाविरुद्धच्या कित्येक तक्रारी वस्तुतः नेमणुकीविरुद्धच्या असतात.

उणीव आढळल्यास ती रुग्णासमोर परिचारकास बोलून दाखवू नये. आपण गेल्यावर रात्र त्या रुग्णास तिच्याच स्वाधीन काढावयाची असते. कुटुंबातील जबाबदार व्यक्तीस बाजूला घेऊन सांगावे, व्रणाची मापे तारखेसह लिहून द्यावीत आणि आठवड्याच्या आत, वेळ न कळविता, पुन्हा जावे. बांधणे, मारणे किंवा उपाशी ठेवणे यांची शंका असेल आणि कुटुंब दाद देत नसेल, तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो आपल्या चिकित्सापत्रकावर छापून घेण्यास फारसा खर्च येत नाही.