थकव्यावर ‘कोक्यू टेन’ घ्यावं का?

प्रश्न : माझं वय ५४. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू आहे. हल्ली लवकर दमायला होतं. ‘कोक्यू टेन घ्या, पेशींना ऊर्जा मिळेल,’ असं औषधाच्या दुकानात सांगितलं. सुरू करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लगेच नको. कोक्यू टेनमधून ऊर्जा मिळत नाही. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाकेंद्राच्या आतल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीतून सरकत ऑक्सिजनपर्यंत पोचतात. कोक्यू टेन त्यांची वाटेत ने-आण करतं. या प्रवासात प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. धरणाचं पाणी जनित्र फिरवतं, तसे परतणारे प्रोटॉन एटीपी (पेशी वापरते तो ऊर्जेचा रेणू) बनवणारं एन्झाइम फिरवतात. ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. साखळीचा वेग मुख्यतः पेशीच्या गरजेवर ठरतो, त्यामुळे वाहक वाढवले म्हणून निरोगी पेशीत ऊर्जा वाढत नाही. शिवाय कोक्यू टेन शरीर स्वतःच बनवतं. स्टॅटिनमुळे रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं हे खरं. पण गोळी घेऊन फायदा होतो, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

काळजी करू नका, अशा थकव्याचं कारण कधी कधी साध्या तपासण्यांत सापडतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉईड, बी१२ आणि साखर पाहून घ्या. लोह वर सांगितलेल्या साखळीतल्या प्रथिनांनाही लागतं. स्नायू दुखत असतील तर स्टॅटिनचा स्नायूंवर परिणाम होतोय का हे पाहण्यासाठी डॉक्टरांना सीपीके या रक्ततपासणीबद्दल विचारा. लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी त्यांना गाठा. रक्त गोठू न देणारं वॉरफेरिन चालू असेल तर कोक्यू टेनमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. स्टॅटिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.