पुढचे यान गाठायचे तर वेग कमी करा!

लोहाऱ्याहून यवतमाळकडे दोन सायकलस्वार सारख्याच वेगाने निघाले आहेत. एक पुढे, दुसरा थोडा मागे. मागच्याला पुढचा गाठायचा असेल, तर त्याने पायडल जोरात मारावे, हे कोणीही सांगेल. आता सायकलींच्या जागी पृथ्वीभोवती एकाच कक्षेत फिरणारी दोन याने आहेत असे समजा. मागच्या यानाने इंजिन पेटवून वेग वाढवला, तर ते पुढच्याला गाठील काय?

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा संगणकावरील खेळ २०१५ साली पूर्ण स्वरूपात आला. त्यातला नवशिका खेळाडू नेमके हेच करतो. लक्ष्याकडे तोंड करून इंजिन पेटवतो. थोडा वेळ अंतर घटते. मग त्याचे यान वर उचलले जाते, आणि लक्ष्य खालून पुढे निघून जाते. तो आणखी इंधन जाळतो, अंतर आणखी वाढते! त्याला हसू नका. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी-४’ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. तोही असाच फसला, आणि इंधन वाचवण्यासाठी तो सोडून द्यावा लागला.

असे का होते? वेग वाढवला की यान पृथ्वीपासून दूर जाते, त्याची कक्षा मोठी होते. मोठ्या कक्षेत वाट लांब, आणि त्या वाटेवरचा सरासरी वेग मात्र कमी. केप्लरचा तिसरा नियम आठवा: कक्षा जितकी मोठी, तितका फेरीचा काळ अधिक. म्हणून गाठायचे असेल तर उलट करावे. वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे.

आकडे घालून पाहू. ४७० कि.मी. उंचीवरच्या वर्तुळाकार कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७,६२९ मीटर असतो, आणि एका फेरीला सुमारे ९४ मिनिटे लागतात. आपण २० कि.मी. खाली उतरू. त्यासाठी इंजिन दोनदा उलट दिशेने पेटवावे लागते: एकदा उतरायला सुरुवात करताना, आणि अर्ध्या फेरीनंतर, खाली पोचल्यावर, कक्षा पुन्हा गोल करताना. दोन्ही वेळा मिळून वेग सेकंदाला सुमारे ११ मीटरने कापला. तरी खालच्या कक्षेतला वेग किती? ७,६४० मीटर! म्हणजे ११ने वाढलेला. ही जादू नव्हे. खाली येताना गुरुत्वाकर्षणाने सुमारे २२ मीटरची भर घातली; त्यातून आपण कापलेले ११ वजा करा.

आता दर फेरी सुमारे २५ सेकंद लवकर पुरी होते. तेवढ्या वेळात यान सुमारे १८८ कि.मी. जाते, म्हणजे दर फेरीला एवढे अंतर भरून निघते. पुढचे यान ९४० कि.मी.वर असेल तर किती फेऱ्या थांबावे लागेल, ते तुम्हीच काढा. गाठण्याची वेळ आली की पुन्हा वेग वाढवून वर यावे.

दोन याने अगदी जवळ आली की मात्र थोडासा सरळ धक्काही चालतो. कक्षांमधला फरक साचायला तेवढा वेळच मिळत नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी ‘इस्रो’ने ‘स्पेडेक्स’ची सुमारे २२० किलोची दोन याने अशाच ४७० कि.मी.च्या कक्षेत सोडली. ती एकदम भिडवली नाहीत. १२ जानेवारीला १५ मीटर, मग ३ मीटरपर्यंत आणून पुन्हा दूर नेली. १६ जानेवारी २०२५ रोजी ती जोडली गेली.

खेळातला ग्रह मुद्दामच लहान ठेवला आहे. त्याची त्रिज्या ६०० कि.मी., त्यामुळे ८० कि.मी. उंचीवरची फेरी अर्ध्या तासात होते आणि खेळाडू कंटाळत नाही. शिक्षकांनी एक उणीव तेवढी दाखवून द्यावी. त्या ग्रहाची हवा ७० कि.मी.वर एकदम संपते. त्यावर सोडून दिलेला टप्पा कायमचा फिरत राहतो. पृथ्वीची हवा अशी कुठे एकदम संपत नाही. शेकडो कि.मी. उंचीवरही ती अतिविरळ असतेच, आणि तिच्या घर्षणाने कक्षा आक्रसत जाते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेषा गेल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा होता, असे तज्ज्ञांनी कक्षेवरून ओळखले.